रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र तसाच

प्रश्न : बायको दीड वर्षापासून गळून गेलेली असते. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, रोज चालायला जा. चालून आली की पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. काय समजायचं?

उत्तर : तुमचं शेवटून दुसरं वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडलंच नसावं, असा माझा अंदाज. थकवा शेकडो आजारांत येतो. पण श्रम झाल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उलटणारा आणि विश्रांतीलाही दाद न देणारा त्रास ही 'एमई/सीएफएस' या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराची मुख्य खूण आहे. तो पक्का ठरवणारी रक्ततपासणी अजून नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीची कामं न झेपणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, शिवाय डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यांवरून निदान होतं. सुरुवात एखाद्या तापानंतर झाली होती का, तेही आठवा. कोविडनंतर असं अनेकांना झालं आहे.

'रोज थोडं थोडं वाढवत चला' हा सल्ला इथे अंगाशी येऊ शकतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2021मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार या आजारासाठी करू नये, असं स्पष्ट सांगितलं.

मात्र शिक्का मारण्याआधी फाइल पुन्हा चाळा. 'सगळं नॉर्मल' म्हणजे जेवढं तपासलं तेवढं नॉर्मल. फेरिटिन झालंय का? हिमोग्लोबिन चांगलं असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. बी12, थायरॉइड, सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) तपासणी? ती घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, हे तर तुम्हीच सांगू शकता. आणि वहीत रोजचा त्रास टिपताना नुसतं 'थकवा' लिहू नका. 'मंगळवारी सकाळी कपाट आवरलं, बुधवारी दुपारपासून आडवी, खोलीतला दिवाही सहन होईना' असं लिहा.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची. उभी राहिली की धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. ईसीजी ठीक आला. आजी म्हणते, नाटकं आहेत.

उत्तर : ईसीजी झोपवून काढला आणि त्रास उभं राहिल्यावर होतो! तिला दहा मिनिटं आडवं करून नाडी आणि बीपी मोजा. मग आधाराशिवाय उभं करून दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला मोजा. कुणीतरी शेजारी थांबा. चक्कर येतेय असं वाटलं की लगेच झोपवा. बीपी फारसं न उतरता नाडी चाळीस किंवा जास्त ठोक्यांनी वाढली (प्रौढांत तीस), तर 'पॉट्स'ची (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याचा विकार) शंका घ्यायला जागा आहे. ताप, अॅनिमिया, पाणी कमी पडणं यांनीही नाडी वाढते. म्हणून निदान घरी करू नका, आकडे डॉक्टरांना दाखवा. धावताना शुद्ध हरपली असेल किंवा घराण्यात तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हे काहीच न करता थेट हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. आजींनाही आकडे दाखवा.

प्रश्न : वडिलांचे गुडघे दुखतात. एएनए 1:80 पॉझिटिव्ह आला. ल्युपस असेल का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं, आणि ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते तो आजार. 1:80 ही पातळी धडधाकट माणसांतही शंभरांपैकी दहा-बारा जणांत सापडते, वय वाढेल तशी आणखी. सांधे सुजतात का, सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो का, अंगावर चट्टे, तोंडात फोड, लघवीत प्रथिनं आहेत का? यातलं काही नसेल तर गुडघ्यांचा इलाज करा.

प्रश्न : बहिणीला वजन घटणं, कापरं, थकवा यांपैकी काहीच नाही, फक्त अंगदुखी. तरी थायरॉइडचा रिपोर्ट कधी वाढलेला, कधी ठीक. औषध कसलंच नाही, केसांसाठीच्या गोळ्या तेवढ्या. जनुकचाचणी करावी का?

उत्तर : आधी त्या गोळ्यांचं पाकीट वाचा. त्यात बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) भरपूर असेल, तर काही यंत्रांवर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटा कमी आणि टी4 (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. थायरॉइड वाढल्याचा भास होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017मध्येच याबद्दल सावध केलं होतं. डॉक्टरांना विचारून गोळ्या काही दिवस बंद ठेवा आणि मग पुन्हा तपासा. जनुकचाचणीचा विचार त्यानंतर. लहानपणापासूनचा त्रास, अनेक अवयव बिघडलेले किंवा घराण्यात तसंच दुसरं कुणी असेल, तर तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. पुढच्या वेळी लॅबमध्ये रक्त देतानाही या गोळ्यांचं नाव सांगायला सांगा.