'शाळा'ला 'साला' म्हणतो, मग थेरपी लावायची का?

प्रश्न : मी स्पीच थेरपिस्ट आहे. कोर्स मुंबईत झाला, आता रत्नागिरी तालुक्यातल्या शाळांत मुलं तपासते. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे पाठवलाय. 'शाळा'ला 'साला' म्हणतो, पोरं हसतात, आता तो वर्गात तोंडच उघडत नाही. चिठ्ठीत 'बोबडा आहे, मंद वाटतो' असं लिहिलंय. मराठी टेस्टमध्ये स्कोअर खूपच खाली आला. रिपोर्टमध्ये काय लिहू?

उत्तर : ताई, आत्ता काहीच लिहू नका. नेपाळी बोलताना श आणि स असे दोन वेगळे आवाज सहसा नसतातच, सगळं स वरच भागतं, आणि ळ त्या भाषेत नाही, तर 'शाळा'मधून हे दोन्ही काढा आणि काय उरतं ते बघा. पोरगा शिवी देत नाहीये, शाळेचंच नाव घेतोय बिचारा! तसाच ण चा न होणार, व चा बऱ्याचदा ब होणार, आणि 'माझा वही' पण म्हणेल, कारण नेपाळीत निर्जीव वस्तूंना लिंग लावायची भानगडच नाही. ह्यातलं काहीही दोष म्हणून धरायचं नाही. मराठी टेस्टमध्ये मात्र ह्या प्रत्येक गोष्टीचा मार्क जातो, म्हणून स्कोअर खाली आलाय, आणि तो स्कोअर त्याच्या भाषेचा नाही तर त्याच्या मराठीचा आहे.

पण म्हणून 'नेपाळीच आहे, असंच बोलणार' म्हणून सोडूनही द्यायचं नाही, हे पण मी बघितलंय आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं. सात वर्षांचा मुलगा 'काम'ला 'ताम' म्हणत असेल तर ते नेपाळीचं वळण नाही, 'काम' नेपाळीतही 'काम'च आहे. भाषेचा खरा प्रॉब्लेम असला की तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो, एकट्या मराठीत नाही. तेव्हा आधी त्याचं घरचं बोलणं कसंय ते शोधा.

त्यासाठी आईला गाठा. शाळेत बोलावू नका, बागेत जा, आणि शक्यतो ऐन तोडणीच्या दिवसांत नको, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. बागमालकाला बाजूला बसवून तर अजिबात विचारू नका, त्याच्यासमोर ती 'सब ठीक है' एवढंच म्हणेल, अजून काय म्हणणार? घरात नक्की कुठली भाषा बोलतात हेही विचारा. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषा नोंदल्यात, त्यामुळे घरात डोटेली किंवा थारूही असू शकते आणि नेपाळी त्याची दुसरी भाषा असू शकते, मग तर मराठी तिसरी झाली. मग विचारा, पहिला शब्द कधी बोलला, गावाकडच्या त्याच्या वयाच्या पोरांपेक्षा मागे वाटतो का, धाकटं भावंड त्याच्या पुढे गेलंय का, फोनवर आजीला त्याचं बोलणं कळतं का. ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दुभाषी म्हणून त्याच्या दहा वर्षांच्या ताईला उभी करू नका, भावाचं कौतुक नाहीतर चहाडी ह्यातलं एक काहीतरी होणार. शेजारच्या बागेतलं कोणी मोठं माणूस बघा आणि त्याला आधीच सांगून ठेवा की पोरगं जसं बोललं तसंच सांगायचं, सुधारून नाही, कारण चुकलेलं वाक्यच तर आपल्याला ऐकायचंय. आणि तुम्ही बघायचं आईकडे, दुभाष्याकडे नाही.

टेस्टची कार्डं पण एकदा चाळून बघा. लिफ्ट आणि ट्रॅफिक सिग्नल त्यानं कधी बघितलेच नसतील तर नाव कुठून सांगणार? आंबे काढायचा झेला, पेटी, पेंढा, माकडं हाकलायची गलोल, ह्यांची चित्रं काढा नाहीतर वस्तूच समोर ठेवा आणि मग बघा किती बोलतो. डायनॅमिक असेसमेंट तुम्ही शिकला असालच, आधी तपासायचं, मग थोडा वेळ खेळवत चार नवे शब्द शिकवायचे आणि परत तपासायचं. पटकन उचलले तर शिकायची ताकद शाबूत आहे, आजवर कोणी शिकवलं नव्हतं इतकंच. बरंच शिकवूनही काही टिकत नसेल तर मात्र पुढची तपासणी लावा.

गप्प बसण्याचं म्हणाल तर नवीन भाषेत पडलेली मुलं काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, नुसती ऐकत राहतात, त्यावर लगेच सिलेक्टिव्ह म्यूटिझमचा (म्हणजे घरी बोलणाऱ्या मुलाला काही ठिकाणी भीतीनं बोलताच न येण्याचा त्रास) शिक्का मारू नका. इथे तर हसणारा अख्खा वर्ग आहे, मीही गप्प बसले असते. बाईंशी बोला, आणि 'मंद' हा शब्द चिठ्ठीत परत यायला नको हे तोंडावर सांगा. तुमच्याशी बोलताना खाली बघत असेल तर तेही लक्षण म्हणून लिहू नका, खूप घरांत मोठ्यांपुढे असंच वागायला शिकवतात.

ह्या सगळ्याच्या आधी कान तपासून घ्या, ऑडिओमेट्री न करता भाषेवर बोलण्यात अर्थ नाही. आणि कोणी सर्टिफिकेटचा विषय काढला तर २०१६ चा दिव्यांग कायदा दाखवा, त्यात वाचा आणि भाषेची दिव्यांगता ही शारीरिक किंवा मेंदूच्या कारणानं आलेली, कायमची अशी धरलीय. मराठी येत नाही हे त्यात कुठे बसत नाही.

प्रश्न : मुलगा-सून मुंबईत नोकरीला, साडेतीन वर्षांचा नातू वेंगुर्ल्याला माझ्याकडे असतो. माझ्याशी मालवणी, व्हिडिओ कॉलवर मराठी आणि इंग्लिश. सगळं मिसळून बोलतो, 'माका बॉल होया' म्हणतो. बालवाडीत सांगितलं, मालवणी बंद करा, मुलाचा गोंधळ होतोय. बंद करू का?

उत्तर : आजी, मुळीच नको. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं शब्द मिसळतात, मोठी माणसंसुद्धा मिसळतात, त्याला गोंधळ म्हणत नाहीत. 'माका बॉल होया' हे तर छान तीन शब्दांचं वाक्य झालं, फक्त बॉल तेवढा इंग्लिशमधून आला. त्याचे शब्द मोजायचे तर तिन्ही भाषांतले मिळून मोजा, एकट्या इंग्लिशचे मोजले तर कमीच भरणार. तुम्ही मालवणी बंद केलीत तर तुमच्याजवळ त्याला द्यायला उरेल काय, तोडकंमोडकं इंग्लिश? त्यापेक्षा गजाली सांगा, बाजारात न्या, बांगडा कुठला न् सुंगटं (कोळंबी) कुठली ते विचारा. शब्द मिळूनही अगदीच कमी वाटत असतील, हाक मारली तर वळत नसेल किंवा साधं सांगितलेलं मालवणीतही कळत नसेल तर तपासून घ्या, पण तेव्हाही मालवणी चालूच ठेवायची.

प्रश्न : दापोलीजवळ उर्दू शाळेत शिक्षक आहे. आठ वर्षांचा एक विद्यार्थी घरी कोकणी, शाळेत उर्दू, बाहेर मराठी बोलतो आणि अडखळतो. तीन भाषांमुळे झालं असेल का?

उत्तर : नाही सर. तोतरेपणा भाषा जास्त झाल्यामुळे येत नाही, आणि एखादी भाषा काढून टाकल्यानं जातही नाही. घरच्यांना विचारा, कोकणीतही अडखळतो का, बहुतेक हो म्हणतील. आठव्या वर्षीही अडखळतोय म्हणजे आपोआप जाईल म्हणून थांबू नका, स्पीच थेरपिस्टकडे पाठवा. शाळेत तपासणीला आरबीएसकेचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथक येतं, १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घेता येते. तोवर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, 'सावकाश बोल' पण म्हणू नका, आणि वर्गात मोठ्यानं वाचायचं की नाही ते त्याला बाजूला घेऊन त्यालाच विचारा.