वाचक विचारतात : कल्पित देशाचा व्यापारी रेडिओ

कथा-कादंबरीत किंवा एकांकिकेत नसलेला देश उभा करायचा, तर तिथल्या व्यापारी रेडिओचा इतिहास पटेल असा कसा रचायचा? या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत.

निपाणीहून एक वाचक : माझ्या कादंबरीतल्या डोंगरी संस्थानात एक तंबाखू व्यापारी 1926 साली खासगी रेडिओ स्टेशन काढतो. पहिल्या वर्षापासून जाहिरातींवर बक्कळ नफा होतो. मित्र म्हणतो, हे पटत नाही. का?

साल पटतं, नफा पटत नाही. अमेरिकेत पिट्सबर्गचं केडीकेए स्टेशन नोव्हेंबर 1920 मध्ये सुरू झालं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफवर ऑगस्ट 1922 मध्ये पैसे मोजून पहिली जाहिरात लागली, तीही घरं विकणाऱ्या कंपनीची. म्हणजे 1926 साली जाहिरात सुचणं अशक्य नाही. पण जाहिरात देणारा आधी ऐकणारी माणसं मोजतो, आणि डोंगरी संस्थानात ती असणार कुठून?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी होती. 23 जुलै 1927 ला तिचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याचं. प्रत्येक प्रक्षेपक दीड किलोवॉटचा, खात्रीनं ऐकू जाण्याचा टप्पा जेमतेम 48 किलोमीटर. उत्पन्नाचा मुख्य आधार जाहिरात नव्हताच. रेडिओ बाळगणाऱ्यानं वर्षाला दहा रुपये परवाना फी भरायची, त्यातले आठ कंपनीला, शिवाय आयात सामानावरच्या आकारणीतला वाटा. लोक परवाना न काढताच ऐकत. 1930 च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एप्रिलपासून केंद्रं सरकारनं चालवायला घेतली.

तेव्हा तुमच्या व्यापाऱ्याला तंबाखूबरोबर रेडिओ संच विकायला लावा. लंडनमध्ये 1922 साली बीबीसी काढली तीच मुळी संच बनवणाऱ्या कंपन्यांनी, कारण कार्यक्रम नसेल तर पेटी घेणार कोण? संचाच्या जोडीला बॅटरीचा धंदाही द्या. वीज नसलेल्या गावात व्हॉल्व्हच्या (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) संचाला दोन बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हची तार तापवायला दोन व्होल्टची ॲसिडची, आणि दुसरी नव्वद व्होल्टच्या आसपासची कोरडी. ॲसिडची बॅटरी ठरावीक दिवसांनी बाजाराच्या गावी नेऊन चार्ज करून आणावी लागे. कोरडी संपली की फेकायची, आणि ती महाग. तुमच्या व्यापाऱ्याचा खरा नफा इथे आहे. स्टेशन त्याला तोट्यातच चालवू द्या.

आणखी एक. तुमच्या मसुद्यात 'खासगी' आणि 'व्यापारी' हे शब्द एकाच अर्थानं आले आहेत. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती, पण जगली (जेवढी जगली तेवढी) परवाना फीवर. उलट रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग पूर्णपणे सरकारी होता आणि चालायचा जाहिरातींवर. आपली विविध भारतीही तशीच : 1957 साली सुरू झाली, 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती घेऊ लागली, मालक मात्र सरकार. मालक कोण आणि पैसे कुणाचे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. त्या दोघांचं जमेनासं होईल तिथे तुमच्या कादंबरीला प्रकरणं सापडतील.

खानापूरहून : माझं स्टेशन 1952 सालचं आहे. 1188 किलोहर्ट्झ, दहा किलोवॉट. टॉवर घाटमाथ्यावर सर्वांत उंच कड्यावर. तांत्रिक चुका असतील तर सांगा.

तीन आहेत. पहिली किरकोळ : 1952 मध्ये आपल्याकडे कुणी 'किलोहर्ट्झ' म्हणत नव्हतं. तेव्हाचा शब्द किलोसायकल. हर्ट्झ हे एकक वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 1960 साली स्वीकारलं आणि रुळायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. निवेदक तर मीटरच, म्हणजे लहरीची लांबी, सांगायचा. तीन लाखाला किलोसायकलनं भागा, मीटर मिळतात.

दुसरी आकड्याची. आज आपल्याकडे मध्यम लहरींवरची (मीडियम वेव्ह) स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात. हा आराखडा 1975 साली जिनिव्हाला ठरला आणि नोव्हेंबर 1978 पासून लागू झाला. त्याआधी आशियात अंतर दहाचं होतं. म्हणून आजचा प्रत्येक आकडा नऊनं भागला जातो. धारवाडचे 765 घ्या की सांगलीचे 1251, अंकांची बेरीज करून बघा. 1188 हाही नऊच्या पाढ्यातलाच, म्हणजे 1978 नंतरचा. 1952 साठी 1190 लिहा. नंतर तुमच्या कथेत 1978 उजाडलं, तर बहुतेक स्टेशनांची जागा डायलवर थोडी सरकते, हेही लक्षात असू द्या. जुन्या श्रोत्याला काटा नव्यानं लावावा लागतो.

तिसरी चूक मोठी. मध्यम लहरींच्या टॉवरला कडा नको, ओल हवी. या लहरी जमिनीला धरून पसरतात. इथे टॉवर स्वतःच ॲन्टेना असतो, आणि त्याचं अर्धं काम जमीन करते. उंची साधारण लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी : 75,000 ला किलोहर्ट्झनं भागा. 1190 ला 63 मीटर येतात, 765 ला 98. टॉवरच्या बुडाशी चिनी मातीचा इन्सुलेटर असतो आणि त्याच्याभोवती, चाकाच्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या तारा वीतभर खोल पुरतात. चांगल्या केंद्रात अशा 120 तारा, प्रत्येक निदान टॉवरच्या उंचीइतकी लांब. खडकाळ कड्यावर हे जमत नाही, आणि कातळ वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून ही केंद्रं गावाबाहेर शेतजमिनीत, तळ्याकाठी, मळईत सापडतात. तुमचं केंद्र घाटमाथ्यावरून उतरवा आणि नदीकाठच्या काळ्या रानात न्या.

बिघाडही तिथूनच येऊ द्या. तांब्याला भाव असतो, तारा चोरीला जातात. केंद्र बंद पडत नाही, पण लांबच्या गावांत आवाज बारीक होतो आणि कारण आठवडाभर कळत नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की थोडा असाच परिणाम. वळवाच्या पावसात टॉवरवर वीज पडते. बुडाशी ठेवलेल्या धातूच्या दोन गोळ्यांमधल्या फटीतून ती जमिनीत जावी अशी सोय असते. फट जास्त ठेवली तर इन्सुलेटर तडकतो, कमी ठेवली तर प्रक्षेपक वारंवार बंद पडतो. दहा किलोवॉटच्या जुन्या व्हॉल्व्ह प्रक्षेपकाला वीस-पंचवीस किलोवॉट वीज लागते, तेव्हा डिझेल जनरेटर आणि डिझेलचा खर्च हिशेबात धरा.

डोंगर लागतो तो एफएमला. त्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. 100 मीटर उंचीवरचा ॲन्टेना आणि घरावर 9 मीटरवरचा, यांच्यात सपाटीवर साधारण 53 किलोमीटर धरा. मधे डोंगर आला की गाव अंधारात. पण आपल्याकडे आकाशवाणीचं पहिलं एफएम मद्रासला आलं तेच 1977 साली. 1952 च्या कथेत ते घालू नका.

चिकोडीहून : शेजारच्या मोठ्या देशाचं सरकार रेडिओवर सिनेसंगीत बंद करतं आणि माझा छोटा देश त्यावर श्रीमंत होतो, असं कथानक आहे. असा साप्ताहिक कार्यक्रम प्रत्यक्ष कसा चालत असेल?

हे जवळजवळ जसंच्या तसं घडलेलं आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मान मिळाला, सिनेगीतांची वेळ कापली गेली. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही थांबलं. सिनेनिर्मात्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली. कोलंबोत दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेला दमदार लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपक होता, युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला होता, आणि व्यापारी विभाग 1950 मध्येच सुरू झालेला होता. 1952 च्या डिसेंबरात टूथपेस्टवाल्यांच्या पैशावर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागली. केसकरांनी रेडिओचं भलं केलं की बुरं, यावर वाद घाला, पण कोलंबोचं भलं त्यांनी नक्की केलं.

काम चालायचं ते असं. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची, तिथून लघुलहरींवर आकाशात. टेप पाव इंची. सेकंदाला साडेसात इंच वेगानं 1200 फुटांचं एक रीळ 32 मिनिटं चालतं, म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका रिळात. पंधरा इंचाचा वेग ठेवला तर आवाज जास्त खुलतो, पण रिळं दुप्पट आणि विमानाचं वजनभाडंही दुप्पट. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, त्यामुळे बोलणं आणि जाहिराती धरून अर्ध्या तासात सात गाणी बसतात. गडबड होते ती विमान चुकलं की. म्हणून ऋतूचा, सणाचा उल्लेख नसलेला एक जादा कार्यक्रम कपाटात तयार ठेवावा लागतो. तुमच्या पात्रानं नेमका तोच कार्यक्रम दोनदा लावला, तर मालकाच्या आधी श्रोते पत्र लिहितील.

कोलंबो ते बेळगाव सुमारे साडेअकराशे किलोमीटर. एवढं अंतर मध्यम लहरी दिवसा तोडत नाहीत. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात. दिवसा 19 किंवा 25 मीटर, रात्री 41 किंवा 49, असा ढोबळ नियम. निवेदक 'आता अमुक मीटरवर' असं वेळेनुसार सांगतो ते त्यासाठी. आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो तो दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यानं. त्यामुळे निवेदनाची वाक्यं छोटी हवीत आणि मालाचं नाव दोनदा हवं.

परदेशातले श्रोते मोजायचे कसे? पत्रांवरून. पोत्यांतली पोस्टकार्डं टपालाच्या शिक्क्यानुसार गावनिहाय लावायची आणि तो तक्ता जाहिरातदाराला दाखवायचा. फसगत इथे ठरलेली असते, कारण एखादं गाव फर्माईश पाठवण्यातच पटाईत निघतं. आताच्या झारखंडमधलं झुमरीतलैया देशभर माहीत झालं ते असंच. हुशार जाहिरातदार पत्रासोबत मालाचं वेष्टन मागतो, म्हणजे मोजणीही होते आणि विक्रीही.

आणि शेजारी देश शहाणा होतो, हे विसरू नका. केसकरांच्याच कारकिर्दीत विविध भारती आली, पुढे तिनं जाहिराती घेतल्या, आणि 1989 मध्ये गीतमालाही तिकडेच गेली.

बेळगावहून, एकांकिका लिहिणाऱ्या एका वाचक ताई : दहा सेकंदांच्या जाहिरातीत किती शब्द?

मराठीत वीस ते बावीस. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत एक्केचाळीस आहेत, ती वीस सेकंदांचीच. संगीताचा तुकडा घालायचा तर आणखी सहा शब्द काढा. जोडाक्षरं शेवटी ठेवू नका, रेडिओच्या खरखरीमध्ये तीच पहिली गळतात.

संकेश्वरहून : आपल्या भागासारखा दोन भाषांचा सीमेवरचा मुलूख घेतला आहे. स्टेशन कुठल्या भाषेत बोलेल? आणि शेवटी सरकार ते बंद कसं पाडेल?

आपल्याकडे एकाच संचावर धारवाड, सांगली आणि पणजी लागतं, तेव्हा श्रोता कुठल्या भाषेचा हे सीमारेषेवरून ठरत नाही, हे तुम्ही जाणताच. व्यापारी स्टेशन भाषा निवडतं ती गिऱ्हाइकाची. अमेरिका-मेक्सिको सीमेवर 1930 च्या दशकात मेक्सिकोच्या जमिनीवरून प्रचंड ताकदीची स्टेशनं इंग्रजीत बोलत, कारण साबण आणि औषधं घेणारे उत्तरेकडे होते. जॉन ब्रिंकली नावाच्या, बकऱ्याच्या ग्रंथी माणसात बसवणाऱ्या वैद्याचा कॅन्सासमधला परवाना गेला, तर त्यानं सीमेपलीकडे व्हिया अकुन्याला स्टेशन काढलं आणि अलीकडे बसून टेलिफोनच्या तारेवरून बोलू लागला. अमेरिकेच्या 1934 च्या कायद्यानं परवानगीशिवाय असं तारेनं कार्यक्रम पाठवणं बंद केलं. मग तबकड्या गाडीतून पलीकडे जाऊ लागल्या. तुमच्या स्टेशनवर सकाळी बाजारभाव एका भाषेत आणि रात्री गाणी दुसऱ्या भाषेत ठेवा. शेतकरी आणि हौशी श्रोता यांच्या वेळा वेगळ्या असतात.

बंद पाडण्यासाठी टॉवरवर पोलीस पाठवू नका. परक्या हद्दीत ते जमतही नाही. ब्रिटनच्या किनाऱ्याबाहेर जहाजावरून 1964 पासून बोलणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनविरुद्ध सरकारनं ऑगस्ट 1967 मध्ये कायदा लागू केला, त्यानं ब्रिटिश माणसानं तिथे जाहिरात देणं, काम करणं, रसद पुरवणं हा गुन्हा ठरवला. जहाज तिथेच राहिलं, पण बड्या जाहिरातदारांचे पैसे आटले. पुढच्या वर्षी थकलेल्या बिलापोटी ते ओढून नेलं गेलं. तुमच्या कथेत सरकारला टपाल खात्याकडून आणखी एक हत्यार मिळू शकतं : स्टेशनच्या पत्त्यावर येणारी पत्रं अडवायची. दोन महिन्यांत जाहिरातदाराला दाखवायला तक्ताच उरत नाही.