जुना लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागतो. स्टार्टअपमधलं काय काय बंद करू, की सरळ फॉरमॅट मारू?

फॉरमॅट मारू नका. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप आठ-नऊ वर्षांचा आहे, विंडोज १०, रॅम ४ जीबी. सुरू केल्यावर बराच वेळ माउससुद्धा अडकत अडकत चालतो. स्टार्टअपच्या यादीत वीसेक नावं आहेत आणि त्यातली कोणती बंद केली तर काही बिघडणार नाही हे कळत नाही. आणि एक मित्र म्हणतो, 'डोकं लावत बसू नकोस, फॉरमॅट मार.' हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

यादीचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. टास्क मॅनेजरच्या (काय काय चालतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) स्टार्टअप टॅबमध्ये जे दिसतं त्यातलं जवळपास सगळं बंद करता येतं. डिसेबल केलं म्हणजे डिलीट झालं असं नाही. प्रोग्राम जागच्या जागी असतो, तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतो, आणि चुकलंच तर तिथेच जाऊन परत एनेबल करता येतं. विंडोज सिक्युरिटी किंवा तुमचा जो काही अँटिव्हायरस असेल तो, टचपॅडचा प्रोग्राम (सिनॅप्टिक्स किंवा एलान असं नाव असतं) आणि साउंडचा (बहुधा रियलटेक) एवढे राहू द्या. वनड्राइव्हसारखं काही वापरत असाल तर तेही, नाहीतर फाइल्स सिंक होणं थांबेल आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही. बाकी चॅट, व्हिडिओ कॉल, गाणी, गेमचे लाँचर, पीडीएफवाल्याचा अपडेटर, प्रिंटरचा 'शाई संपत आली' सांगणारा प्रोग्राम, लॅपटॉप कंपनीने 'मदतीसाठी' म्हणून घातलेली चार-पाच नावं, सगळं बंद. नाव ओळखीचं नसेल तर वरच्या कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा कॉलम चालू करा. कोणत्या फोल्डरमधली कोणती फाइल चालतेय ते तिथे दिसतं. नुसतं 'प्रोग्राम' असं नाव आणि आयकॉन कोरा दिसला, तर बहुतेक वेळा तो काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा मागे राहिलेला धागा असतो.

'स्टार्टअप इम्पॅक्ट'समोर 'हाय' दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की त्या प्रोग्रामने सुरू होताना एक सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर वापरला किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वाचली-लिहिली. आजकाल ३ एमबी कशातही जातात. एकटा 'हाय' लॅपटॉपला झोपवत नाही, दहा-बारा एकदम उठले की झोपवतात. आणि जुन्या हार्ड डिस्कवरच झोपवतात, हा खरा मुद्दा आहे.

माझ्या आत्याच्या लॅपटॉपचं असंच झालं होतं. आत्या शिकवण्या घेते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आत्येभाऊ, माझ्याहून मोठा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादाला कॉम्प्युटरमधलं कळतं, यात वाद नाही. पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: फॉरमॅट. आत्याने 'लॅपटॉप फार वेळ घेतो रे' म्हटल्यावर त्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले, विंडोज पुन्हा टाकली आणि संध्याकाळी लॅपटॉप तिच्या हातात दिला. लॅपटॉप पळत होता. आत्या खूश, दादा खूश.

मग आत्याने विचारलं, 'माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?'

स्टिकी नोट्स. कोणत्या मुलाला अपूर्णांक जमत नाहीत, कोणाच्या आईशी काय बोलायचंय, कोण परीक्षेच्या आधी घाबरतं, हे सगळं ती तिथे लिहून ठेवायची. त्या चिठ्ठ्या डेस्कटॉपवर दिसतात, पण डेस्कटॉप फोल्डरमध्ये नसतात. त्या असतात ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये खोलवर, एका डेटाबेस फाइलमध्ये. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलेलं असतं तर त्या ऑनलाइन सिंक झाल्या असत्या, पण तिचं अकाउंट त्याच मशीनपुरतं होतं. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्डही तिथेच असतात. तेही गेले. दादा म्हणाला, 'आई, बॅकअप घेतला होता मी.' घेतला होता, खोटं नाही. पण काय कुठे साठतं हे न बघता घेतला होता.

आणि एवढं करून लॅपटॉप काही महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखा झाला. दादा म्हणाला, पुन्हा मारतो. तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, आधी मला बघू दे.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, रॅम बऱ्यापैकी भरलेली, आणि डिस्कचा कॉलम १०० टक्क्यांवर लाल. परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केलं की खाली 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' दिसतो. तो हजारो मिलिसेकंदांत होता. धडधाकट हार्ड डिस्कला हलक्या कामात दहा-वीस मिलिसेकंद लागतात.

इथे थोडं थांबून हे समजून घ्या. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, शिवाय ते डोकं त्या पट्ट्यापर्यंत सरकायला वेळ. इकडचं तिकडचं वाचायचं असेल तर सेकंदाला शंभरेक वाचनंसुद्धा होत नाहीत. आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या छोट्या फाइल्स लागतात. त्यात वीस प्रोग्राम एकाच वेळी आपापल्या फाइल्स मागायला लागले की डोकं नुसतं इकडून तिकडे धावत राहतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, तिला हेच काम सेकंदाला हजारोंनी जमतं. म्हणून तीच यादी नव्या लॅपटॉपवर कोणाला जाणवतही नाही.

आत्याच्या यादीत काय होतं? घरात आता नसलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम. मुदत संपलेला एक अँटिव्हायरस आणि त्याच्या जोडीला दुसरा. दोन अँटिव्हायरस म्हणजे प्रत्येक फाइलची दोनदा झडती. हे सगळं दादानेच फॉरमॅटनंतर 'नेहमीचं सगळं' म्हणून परत टाकून दिलं होतं. मग फॉरमॅटनंतर लॅपटॉप का पळाला? कारण त्या संध्याकाळी यादी रिकामी होती. जे काम दहा मिनिटांत डिसेबल करून झालं असतं, त्यासाठी आत्याच्या चिठ्ठ्या गेल्या. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

यादी साफ केल्यावर फरक किती पडला हे अंदाजाने बोलू नका, विंडोज स्वतः मोजून ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल अशा वाटेने आत गेलात की १०० क्रमांकाचे इव्हेंट दिसतील. त्यात सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो. डिटेल्समध्ये डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ वेगळा आणि त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा वेगळा. दुसरा आकडा मोठा असेल तर दोष स्टार्टअपवाल्यांकडे बघावा. १०१ म्हणजे रेंगाळलेला प्रोग्राम, १०२ ड्रायव्हर, १०३ सर्व्हिस, नावानिशी.

आत्याकडे दुसरा आकडा उतरला, पण माउस अधूनमधून अडकायचाच. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवला. निळ्याऐवजी पिवळा चौकोन, 'कॉशन'. 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्य असायला हवं, तिथे शून्य नव्हतं. म्हणजे डिस्कच्या काही जागा नीट वाचल्या जात नव्हत्या. अशा जागेशी डिस्क पुन्हा पुन्हा झटते आणि तेवढा वेळ अख्खा लॅपटॉप गोठतो. हे फॉरमॅटने कसं बरं होणार? विंडोज टाकताना जो फॉरमॅट होतो तो क्विक, खराब जागा तो तपासतही नाही. डिस्क मरायला टेकली होती आणि आम्ही तिच्यावर पुन्हा विंडोज लिहीत होतो.

मी आधी तिच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, या वेळी ॲपडेटासकट. मग सगळं जसंच्या तसं एसएसडीवर क्लोन केलं आणि डिस्क बदलली. विंडोज तीच, प्रोग्राम तेच, नव्या चिठ्ठ्या जागच्या जागी. आता दादाचं म्हणणं असं की एसएसडी टाकल्यावर काहीही पळतं, त्यात तुझं काय? अरे, तेच तर म्हणतोय! डिस्क बदलायची होती, विंडोज नाही. बघितलंच नाही तर कळणार कसं?

तेव्हा तुमच्या लॅपटॉपचं: आधी डिस्कचा कॉलम बघा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो. पिवळं किंवा लाल दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप. निळं असेल तर यादी साफ करा आणि दोन-तीन दिवस वापरून बघा. बंद केलेला एखादा पुन्हा पुन्हा उगवत असेल तर तो टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय) किंवा सर्व्हिसमधून (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) येतोय. तो लागत नसेल तर अनइन्स्टॉलच करा. अगदीच सापडेना तर आपोआप सुरू होणारं सगळं दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' आहे, फुकट. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, आणि जे नको त्याची फक्त टिक काढा, डिलीट करू नका.

'पीसी बूस्टर', 'रजिस्ट्री क्लीनर' यातलं काही टाकू नका. स्वतः मायक्रोसॉफ्टच असल्या क्लीनरना सपोर्ट देत नाही, आणि वर तो प्रोग्राम स्टार्टअपमध्ये स्वतःचं नाव घालतो ते वेगळंच. प्रीफेच फोल्डर रिकामा करायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. तो फोल्डर प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच आहे. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या निवडून वेग वाढतो हीसुद्धा थाप. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरते.

आणखी एक. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही, गाभा डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरखाली 'अप टाइम' बघा, रोज बंद करूनही कित्येक दिवसांचा दिसेल. म्हणून आठवड्यातून एकदा तरी 'रिस्टार्ट' करा.

४ जीबी रॅमचं खरं सांगायचं तर ब्राउझरच्या दहा टॅबमध्येच ती संपते, मग विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरते आणि पुन्हा तेच रडगाणं. स्लॉट रिकामा असेल तर ८ करा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, आणि स्वस्तातल्यांमध्ये डिस्कही. तिथे यातलं काहीच बदलता येणार नाही, यादी साफ करणं एवढंच हातात. क्लोन करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या वयाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ बहुतेक अधिकृतपणे चढणार नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. एसएसडीवर पैसे घालायच्या आधी याचा विचार करा. फक्त लिहिण्या-वाचण्यापुरता वापर असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही चालेल.

फॉरमॅट कधीच मारू नये असं मी म्हणत नाही. व्हायरस खोलवर शिरला असेल आणि कशावरच भरवसा उरला नसेल तर तोच मार्ग. त्या वेळी 'युजर्स' फोल्डरमधला तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर बाहेर घ्या, लपवलेल्या फाइल्स दिसतील अशी सेटिंग करून. मात्र व्हायरसच्या वेळी त्यातले फक्त दस्तऐवज आणि फोटो परत आणा, प्रोग्राम नाही. साठवलेले पासवर्ड ब्राउझरमधूनच आधी एक्सपोर्ट करा, नुसता फोल्डर उचलून ते नव्या विंडोजमध्ये उघडत नाहीत. आणि हे काम मित्रावर सोडू नका, स्वतः शेजारी बसून करून घ्या.