योगाभ्यासाची सुरुवात : पहिल्या महिन्यापुरते

आपण योगाभ्यास सुरू करण्याचे ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. पहिल्या महिन्यात रोज 15 मिनिटे पुरेशी आहेत. आठवड्यातून एकदाच दोन तास घाम गाळण्यापेक्षा हा रोजचा थोडा वेळ शरीराला अधिक चांगले वळण लावतो. जेवणानंतर साधारण 3 तास जाऊ द्यावेत. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचे दुखणे किंवा गर्भारपण असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे आसनाच्या अंतिम स्थितीची घाई. पद्मासनाचेच पाहा : मांडी बाहेरच्या बाजूला वळवण्याचे काम खुब्याच्या सांध्याचे आहे, तो आखडलेला असताना पाऊल हाताने ओढून मांडीवर चढवले, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि याच हट्टापायी मी स्वतः सहा आठवडे जिना चढताना कळ सोसली आहे. स्नायूंत जाणवणारा ताण चालेल, सांध्यात उठणारी कळ मुळीच नाही. उभ्याने पुढे वाकताना गुडघे खुशाल थोडे दुमडावेत. श्वास नाकाने, संथपणे चालू राहावा. तो अडखळू लागला की आसन थोडे सैल करावे.

शीर्षासन आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) तूर्त नकोत. ते शिक्षकांसमोरच शिकावेत. शेवटचे शवासन मात्र कधीही गाळू नये.

दिवसभराच्या कामातही अभ्यासाला जागा असते. तासभर खुर्चीत बसून झाल्यावर उठून ताडासनात, म्हणजे ताठ सरळ, उभे राहावे, दोन्ही तळपायांवर सारखा भार द्यावा, खांदे सैल सोडावेत आणि पाच श्वास मोजावेत.