कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या संस्थेतून, आणलेली कादंबरी वाचून झाली की ती लगेच परत करू नका. मुदत वाढवून घ्या आणि पहिले प्रकरण पुन्हा, या वेळी मोठ्याने वाचा. शेवट ठाऊक असल्यामुळे लक्ष कथानकावरून भाषेकडे वळते, म्हणून बारकाईचे वाचन खऱ्या अर्थाने दुसऱ्या वाचनातच सुरू होते. टिपणे वहीत करावीत. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलही लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची ‘कोसला’ घ्या. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आपली हकिकत सांगताना ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द इतक्यांदा का वापरतो, हा प्रश्न मनात धरून त्या शब्दांपाशी थांबा आणि तेच वाक्य त्यांच्याविना वाचून पाहा. मला तरी अनेक ठिकाणी असे जाणवले की ते शब्द काढल्यावर वाक्याचा अर्थ तोच राहतो, पण सांगणाऱ्याने दुःखापासून राखलेले अंतर नाहीसे होते. मग पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग उघडा आणि तिथे हे शब्द किती उरतात ते स्वतः मोजा.