अमेरिकेत एकाच पक्षातले मवाळ आणि कट्टर उमेदवार एकमेकांवर एवढे का तुटून पडतात? नोव्हेंबरमध्ये मतं तर एकत्रच पडतात ना?

नाही पडत. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागच चुकीच्या समजुतीवर उभा आहे. नेमकी हीच समजूत माझ्या सख्ख्या दिराची आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

मी कॅन्ससमध्ये राहते, जॉन्सन काउंटीत. मूळची सांगलीची. २००९ साली नागरिकत्व मिळालं त्याच आठवड्यात मतदार म्हणून नाव नोंदवलं आणि पक्षाच्या रकान्यात रिपब्लिकन लिहिलं. मंडळाच्या गणपतीत हे कळल्यावर दोघीतिघींनी माझ्याशी बोलताना आवाज खाली केला, जणू घरात काही वाईट घडलंय. मी रिपब्लिकन लिहिलं त्याचं कारण साधं होतं. ज्या राज्याने १९३२ नंतर एकही डेमोक्रॅट वॉशिंग्टनच्या सिनेटवर पाठवलेला नाही, तिथे बऱ्याच जागांचा निकाल ऑगस्टमधल्या रिपब्लिकन प्रायमरीतच, म्हणजे नोव्हेंबरसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच लागतो. त्या प्रायमरीत मत द्यायचं तर त्या पक्षात नाव हवं. कोणत्याच पक्षात नसलेला माणूस आयत्या वेळी नाव घालू शकतो, पण दुसऱ्या पक्षात असाल तर उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर दार बंद.

आता 'मवाळ' या शब्दाबद्दल. मराठी माणसाला मवाळ म्हटलं की गोखले आठवतात, १९०७ ची सुरत आठवते. भाऊजी मला चिडवताना 'गोखल्यांच्या वारसदार' म्हणतात. पण तो वाद कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जायचं याचा होता. इथे कुठे जायचं यावरच एकमत नाही. मवाळ रिपब्लिकन म्हणतो, कर बेताचे ठेवा, पण शाळा आणि रस्ते नीट चालले पाहिजेत आणि लोकांच्या खाजगी आयुष्यात सरकारने शिरू नये. कट्टर गटाला आयकर शक्यतो नकोच, गर्भपाताला बंदी हवी, आणि शाळांवर होणारा खर्च त्यांना मुळातच जास्त वाटतो. हे एका घरातले दोन स्वभाव नाहीत, दोन वेगळी घरं आहेत. कॅन्ससमध्ये तीन पक्ष आहेत, मवाळ रिपब्लिकन, कट्टर रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट, असं जुनी माणसं म्हणतात, ते खरं आहे.

याची सुरुवात १९९१ च्या उन्हाळ्यात झाली. विचिटा शहरात गर्भपाताच्या दवाखान्यांसमोर कित्येक आठवडे आंदोलन चाललं, हजारो अटका झाल्या. त्यातून उठलेली माणसं घरी जाऊन बसली नाहीत. पक्षाच्या वॉर्डपातळीवरच्या कमिट्यांच्या जागा, ज्या मतपत्रिकेवर अगदी तळाला असतात आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्या त्यांनी एकेक करून जिंकल्या. त्याच कमिट्या पक्षाचे काउंटीपातळीवरचे पदाधिकारी निवडतात. १९९६ मध्ये बॉब डोल यांची वॉशिंग्टनच्या सिनेटमधली जागा रिकामी झाली, तेव्हा मवाळ गव्हर्नर बिल ग्रेव्हज यांनी शीला फ्राम यांना नेमलं आणि काही आठवड्यांत प्रायमरीत सॅम ब्राऊनबॅकनी त्यांना पाडलं. १९९८ मध्ये तर पक्षाचा राज्याचा अध्यक्षच राजीनामा देऊन आपल्याच गव्हर्नरविरुद्ध उभा राहिला. ग्रेव्हजनी त्याला जवळजवळ तीन चतुर्थांश मतं घेऊन हरवलं. मवाळांना वाटलं, मिटलं. तिथेच ते गाफील राहिले, हे माझं स्पष्ट मत आहे.

मी स्वतः यात पडले ते २०१२ ला. ब्राऊनबॅक तेव्हा गव्हर्नर होते आणि राज्याच्या सिनेटमधले मवाळ रिपब्लिकन त्यांना आडवे येत होते. त्यांतल्या एकासाठी मी जुलैत दारोदार फिरले. पारा रोज शंभर फॅरनहाइटच्या वर, गवत वाळून पिवळं पडलेलं, हातात क्लिपबोर्ड आणि त्यावर प्रायमरीत नेमाने मत देणाऱ्यांची यादी. एका घरी सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. माझा चेहरा बघून आधी आत गेल्या, मला वाटलं झालं, दार लावतील. त्या थंड पाण्याचा ग्लास आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या. पोर्चच्या कठड्यावर पत्ते मांडावेत तशी त्यांनी ती मांडली. गुळगुळीत कागदाची, मोठी, सहा. सहाही एकाच आठवड्यात आलेली. प्रत्येकावर आमच्या उमेदवाराचा काळवंडून छापलेला फोटो आणि शेजारी ओबामा. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. म्हणाल्या, "हा आमच्या पक्षाचा आहे असं मला वाटलं होतं." तो माणूस पक्षात किती वर्षं आहे, शाळांच्या निधीसाठी त्याने काय काय केलंय, सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण नजर पोस्टकार्डांवरच. पाणी पिऊन निघाले तेव्हा मला कळलं होतं की हे मत गेलं.

७ ऑगस्टला आठ मवाळ सिनेटर एका दिवसात पडले. त्यांत सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह मॉरिससुद्धा. आमचाही गेला.

त्याच वर्षी झालेल्या करकायद्याचा खरा अर्थ मला कळला तो एप्रिल २०१४ मध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलावर. भाऊजींची सल्लागारीची एलएलसी, म्हणजे छोटी खाजगी कंपनी आहे. नव्या कायद्याने असल्या धंद्याच्या उत्पन्नावर राज्याचा आयकर शून्य केला होता. मी शाळेच्या लायब्ररीत मदतनीस. आम्ही सगळे दरवर्षीसारखे एकत्र बसून रिटर्न भरत होतो. माझ्या पगारावर कॅन्ससचा कर निघाला. माझ्या पाचपट कमावणाऱ्या भाऊजींच्या धंद्यावर त्या ओळीत शून्य. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि खुशीत म्हणाले, "वहिनी, याला म्हणतात राज्यकारभार. तुमचे मवाळ धड ना इकडचे ना तिकडचे, त्यांना हे कधी जमलं नसतं." त्यांच्याबद्दल मला आजही माया आहे. माझ्या बाळंतपणात बर्फातून गाडी काढून दवाखान्यात नेणारा हाच माणूस. पण ते वाक्य मी विसरले नाही. पुढच्या वर्षी शाळेने माझे तास आठवड्याला ३० वरून २२ केले. पैसे नाहीत, एवढंच कारण सांगितलं. कॉनकॉर्डियासारख्या एकदोन शाळा-जिल्ह्यांनी २०१५ मध्ये शाळेचं वर्ष ठरल्यापेक्षा आधीच गुंडाळलं.

मग लोक जागे झाले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मवाळांनी डझनभर कट्टर आमदारांना प्रायमरीत पाडलं. ६ जून २०१७ ला विधिमंडळाने ब्राऊनबॅकचा नकाराधिकार मोडून तो करकायदा रद्द केला. सिनेटमध्ये २७ मतं लागत होती, नेमकी २७ पडली. गव्हर्नर रिपब्लिकन, दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत, तरीही. म्हणजे मवाळ माणूस कण्याशिवायचा असतो, या भाऊजींच्या आवडत्या सिद्धांताचं काय झालं ते बघा. आपल्याच गव्हर्नरला तोंडावर नाही म्हणायला जास्त हिंमत लागते.

आता माझं खरं दुखणं. ७ ऑगस्ट २०१८ ची गव्हर्नरपदाची प्रायमरी. एका बाजूला क्रिस कोबाक, दुसऱ्या बाजूला ब्राऊनबॅकच्या जागी बसलेले जेफ कॉलिअर. धोरणं बघितली तर दोघेही कट्टरच, कॉलिअर फक्त हळू आवाजात बोलायचे. मवाळ उमेदवार होते जिम बार्नेट, डॉक्टर. ते जिंकणार नाहीत हे मला माहीत होतं. मी त्यांनाच मत दिलं. कॉलिअर हरले ३४३ मतांनी. दोघांना प्रत्येकी सव्वा लाखाहून जास्त मतं आणि अंतर ३४३! आठवडाभर मोजणी चालली, १४ तारखेला कॉलिअरनी हार मानली. त्या रविवारी भाऊजी घरी आले ते चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, बार्नेटला दिलेलं मत म्हणजे कोबाकला दिलेलं मत. तुमच्यासारख्यांनी घालवलं."

भाऊजींचा उमेदवार कॉलिअर होता. आणि भाऊजींनी मतच दिलं नव्हतं. ते कामासाठी डॅलसला होते. पोस्टाने मत मागवा, अर्ज एका पानाचा आहे, असं मी जुलैत दोनदा सांगितलं होतं. तेव्हा उत्तर काय, तर "प्रायमरीत काय एवढं, शेवटी नोव्हेंबरला सगळे एकच." म्हणजे अगदी तुमचंच वाक्य.

पण नोव्हेंबरला सगळे एक झालेच नाहीत. बिल ग्रेव्हज, नॅन्सी कॅसेबाम, शीला फ्राम यांच्यासारख्या जुन्या रिपब्लिकन नेत्यांनी उघडपणे डेमोक्रॅट लॉरा केलींना पाठिंबा दिला आणि केली निवडून आल्या. २००६ मध्ये तर पक्षाचे माजी राज्याध्यक्ष मार्क पार्किन्सन डेमोक्रॅट होऊन डेमोक्रॅट गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांच्याबरोबर उपगव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पुढे गव्हर्नर झाले. इतक्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात डेमोक्रॅट गव्हर्नर पुन्हा पुन्हा येतात ते याच वाटेने. ऑगस्टमध्ये हरलेला मवाळ मतदार नोव्हेंबरात निमूटपणे परत येत नाही. म्हणून कट्टर गटालाही तो आधीच संपवावासा वाटतो, आणि म्हणून भांडण एवढं कडवट होतं. विरोधी पक्षाचा माणूस समोर उभा असतो. हा मात्र तुमच्याच नावाने, तुमच्याच मतदाराकडे जातो.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. मी उपनगरातून बोलतेय. पश्चिम कॅन्ससच्या शेतकरी गावात कट्टर उमेदवाराला मत देणारी माणसं माझ्याइतकीच विचारी असतात, आणि मवाळ नेते आपल्याला गृहीत धरतात ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. राज्याची तिजोरी फक्त करकपातीमुळे आटली असंही नाही, तेल आणि धान्याचे भाव त्याच सुमारास पडले होते. वॉर्डाच्या कमिट्या जिंकण्याची कट्टर गटाची चिकाटी तर मवाळांनी शिकण्यासारखीच आहे. आणि हे सगळं एका राज्याचं, दुसऱ्या राज्यात प्रायमरीचे नियम वेगळे असतात.

तुम्ही इथे नवीन नागरिक असाल तर नाव कोणत्या पक्षात घालायचं हे मंडळातल्या बायकांना विचारून ठरवू नका. तुमच्या भागात खरी निवडणूक कोणत्या महिन्यात होते ते बघा आणि मतपत्रिका अगदी तळापर्यंत वाचा. जिंकणार नाही म्हणून आवडता उमेदवार सोडावा का, यावर माझं उत्तर 'नाही' असं आहे. बार्नेटना पंचवीस हजारांहून जास्त मतं पडली. मवाळ मतदार अजून शिल्लक आहे हे त्या आकड्यानेच दिसलं. तुम्हाला वेगळं वाटू शकतं, आमच्या नवऱ्याला वाटतं.

भाऊजी अजून ती ३४३ मतं माझ्याच नावावर लावतात. परवा दिवाळीच्या फराळाला पुन्हा विषय निघाला. मी चकलीची ताटली पुढे केली आणि दर वेळी विचारते तेच विचारलं: ७ ऑगस्टला तुम्ही कुठे होतात, भाऊजी?