हाँगकाँगला 4 दिवस, सोबत शिवराक आई

फोंड्याच्या ताईंनी विचारलंय की ऑक्टोबरअखेर हाँगकाँगला चाललोय, सोबत मिस्टर आणि शिवराक (म्हणजे शाकाहारी) आई, तर उंच टॉवरची तिकिटं आत्ताच काढायची का आणि आईंच्या जेवणाचं काय. मी म्हापशाचा, दोनदा जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकिटं आत्ता अजिबात काढू नका. पहिल्या वेळी मी एप्रिलमध्ये गेलो, एका टॉवरचे पैसे आधीच भरले आणि वर पोचलो तर काचेबाहेर नुसतं धुकं, पैसे परत नाहीत. तुमच्या सीझनला हवा कोरडी असते, तरी त्या दिवशीचं आभाळ बघूनच ठरवा. आणि माझं मत विचाराल तर ते शहर पाण्यावरूनच बघायचं. हार्बरच्या एका काठावरच्या चिम शा चुईहून समोरच्या सेंट्रलला जाणारी स्टार फेरी घ्या, आपण पणजीहून बेतीला जायला फेरीबोट धरतो तशी तिथली माणसं रोज कामाला जाताना ती धरतात, जेमतेम 10 मिनिटं आणि भाडं किरकोळ. ही सर्व्हिस 1888 मध्ये दोराबजी नवरोजी नावाच्या पारशाने उभी केली, हे कळल्यापासून मला ती बोट आणखीच जवळची वाटते. तिकडे तेव्हा सूर्य सहाच्या आधीच मावळतो, म्हणून साडेपाचला वरच्या डेकवर बसा. समोर डावीकडे बँक ऑफ चायनाची त्रिकोणांची इमारत, उजवीकडे 412 मीटरचा आयएफसी टॉवर, आणि दिवे एकेक करून लागत जातात. त्याच बोटीने परत या, मग 8 वाजता किनाऱ्यावरून लाइट शो फुकटात.

व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जायचंच असेल तर ट्रामच्या रांगेत आईंना उभं करू नका, सेंट्रलहून 15 नंबरची बस आहे. वर लुगार्ड रोड सपाट आहे, 15-20 मिनिटं चाललात की अख्खं हार्बर खाली दिसतं, तिकीट नाही.

आता जेवण. नुसती भाजी मागवलीत तरी ऑयस्टर सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे 'व्हेज' एवढं बोलून भागत नाही. बौद्ध शिवराक जेवणाला कँटोनीजमध्ये 'जाय' म्हणतात, आपल्या कोंकणीतल्या जायसारखंच (म्हणजे 'हवं'), आईंच्या लगेच लक्षात राहील! त्यात कांदा-लसूणही नसतो. नान लियान गार्डनमध्ये धबधब्यामागे असं एक रेस्टॉरंट आहे, तिथे त्यांना नक्की न्या, बागही शांत आहे.

तुम्ही दोघं मासे खात असाल तर एक सकाळ डिम समला, म्हणजे चहासोबतच्या छोट्या छोट्या पदार्थांना ठेवा. हार गाव म्हणजे पातळ पारीतली वाफवलेली सुंगटं (कोळंबी), गरम असतानाच खा. तुमच्याच टेबलाशी अनोळखी माणसं येऊन बसतील, ती तिथली रीतच आहे, आणि कोणी चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर टकटक करायची म्हणजे आभार. साय कुंग या किनाऱ्यावरच्या गावी जिवंत मासे टाकीतून निवडून शिजवून मिळतात पण भाव कॅटीवर असतो, म्हणजे साधारण 605 ग्रॅम, किलोचा समजून बसू नका आणि शिजवायचे पैसे किती तेही आधीच विचारा.

निघायच्या आधी तिघांचंही हाँगकाँगचं प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन (पोचण्याआधीची नोंदणी) वेगवेगळं करा, ऑनलाइन आणि फुकट आहे, प्रिंट काढून पासपोर्टातच ठेवा.